वजनकाटा न घेता केकसाठी मैदा अचूक कसा मोजायचा?

तुम्ही लिहिलंय की कप तोच, रेसिपी तीच, तरी केक एकदा हलका होतो आणि पुढच्या वेळी घट्ट बसतो, आणि काटा न घेता यावर उपाय हवाय. माझं स्पष्ट मत, काटा घ्या. चार-पाचशे रुपयांत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा मिळतो. एक मोठा केक फसला की बटर आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये जवळपास तेवढे पैसे जातातच.

२०१४ साली सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी केक केला होता. तीन कप मैद्याचा, बिनअंड्याचा. घरात वीस-पंचवीस माणसं. सुरी मध्येच अडली आणि ओढून काढली तर कोरडा चुरा खाली पडला. सासऱ्यांनी आपला तुकडा दुधात बुडवून खाल्ला, एक शब्द बोलले नाहीत. बोलल्या त्या मोठ्या जाऊबाई, सगळ्यांसमोर: "केक हाताला लागतो गं, मोजमापाने येत नाही." ते मला फार लागलं. पुढे वर्षभर मी ओव्हनलाच दोष देत राहिले.

मग एका दुपारी शेजारणीचा काटा आणला. नेहमीसारखा कप थेट डब्यात खुपसला, डब्याच्या कडेवर आपटला, बोटाने सपाट केला: १६१ ग्रॅम. परत तसाच: १५४. न आपटता: १४३. मग डब्यातला मैदा चमच्याने ढवळून मोकळा केला, अलगद कपात सोडला, अजिबात न दाबता सुरीच्या पाठीने वरचा ढीग उतरवला: १२२. पुन्हा केला, १२०. कप तोच, २४० मिलीचा. म्हणजे माझ्या तीन कपांत जवळजवळ चौथा कप मैदा जात होता आणि दूध-बटर मात्र तेवढंच. साखरेचं असं होत नाही, ती फारशी दबत नाही. मैदा दबतो, सगळा घोळ तिथे आहे.

"आमच्या आयांनी कधी मोजलं?" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पोळीची कणीक सैल झाली तर वरून पीठ लावता येतं, आमटी घट्ट झाली तर पाणी घालता येतं. केकचं भांडं एकदा ओव्हनमध्ये गेलं की काही करता येत नाही. आणि आयांनी मोजलं होतंच. मिरजेला आम्ही दिवाळीआधी नानकटाई करून घ्यायला डबे घेऊन बेकरीत जायचो. भट्टीवाले काका त्यात मुरलेले, तरी मैदा, तूप, पिठीसाखर आधी तराजूत आणि मगच परातीत.

पुढच्या नाताळच्या सुट्टीत जाऊबाईंना केक करताना मुद्दाम उभं राहून पाहिलं. त्या मैदा दोनदा चाळतात, ताटातून चमच्याने कप भरतात, वरून सुरी फिरवतात. त्यांचे दोन कप मी तिथेच काट्यावर ठेवले. ११४ आणि ११५. ही हाताची जादू नाही, उत्तम मोजमाप आहे, आणि त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "सवय आहे माझी," एवढंच म्हणाल्या.

तर काटा नकोच असेल तर मोकळा करा, चमच्याने भरा, सुरीने उतरवा, आणि दर वेळी अगदी तसंच. घरातली वाटी कप म्हणून वापरू नका. ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर तिथला कप २५० मिलीचा असतो, तेही बघा. काट्यालाही मर्यादा आहेत. सोडा आणि बेकिंग पावडर साध्या काट्यावर नीट कळत नाही, ते सपाट चमच्यानेच घ्या. मैद्याऐवजी चक्कीची कणीक घेणार असाल तर वजन तेच ठेवलं तरी दूध थोडं जास्त लागेल, कोंडा पाणी पितो.

जाऊबाईंची लेक आता माझ्याकडे केक शिकायला येते. पहिल्या दिवशी तिच्या हातात मी काटाच दिला.