नाण्यांच्या फोटोसाठी लाईट कुठली घेऊ? थांबा, आधी नाणी बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: माझ्याकडे ४० लिमिटेड एडिशन नाणी आहेत, सोन्याचा मुलामा दिलेली, प्रत्येकासोबत सर्टिफिकेट. दोन वर्षांत घेतली, काही बचत मोडून आणि बाकी १६ टक्क्यांच्या पर्सनल लोनवर. विकणारे म्हणतात दरवर्षी १५ टक्के भाव वाढतो. आता ऑनलाइन दुप्पट भावात विकायचीत म्हणून फोटो भारी हवेत. सॉफ्टबॉक्सचा दोन लाईटवाला किट घेऊ, रिंग लाईट घेऊ की तिरकी काच असलेला अॅक्सियल सेट? मॅक्रो लेन्ससकट १२ हप्त्यांत बसतंय. आजोबांची ६ जुनी चांदीची नाणी पण आहेत, त्यातलं एक पॉलिश करून फोटो काढला, दोन फोटो जोडलेत.

लाईटचं उत्तर लगेच देतो. तिन्हीपैकी काहीच घेऊ नका. घरात मान वळणारे दोन टेबल लॅम्प असतील तर त्यात एकसारखे एलईडी बल्ब लावा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० च्या वरचे. कॅमेरा नाण्याच्या बरोब्बर वर, आणि लॅम्प घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी, जमेल तेवढे उंच, लेन्सला जवळजवळ चिकटून. लॅम्प खाली आणला की नाण्यावरचा प्रत्येक ओरखडा बोंब मारतो. सॉफ्टबॉक्समध्ये उलटं होतं, प्रकाश इतका पसरतो की नाणं फिरवल्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी जी झळाळी फिरते ती मरून जाते आणि नवं कोरं नाणंसुद्धा झिजलेलं वाटतं. रिंग लाईटचं गोल कडं आरशासारख्या नाण्यात जसंच्या तसं दिसतं (मी स्वतः घेतली होती, आता ती लेकीच्या व्हिडिओ कॉलला कामाला येते). अॅक्सियल म्हणजे काय, तर फोटो फ्रेमची साधी काच ४५ अंशात धरायची, बाजूने लाईट मारायची आणि काचेतून वरून फोटो घ्यायचा. साधी काच जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश खाली फेकते म्हणून एक्स्पोजर लांबतं, तेव्हा स्टँड आणि २ सेकंदांचा टायमर लावा. खोलीतली बाकीची लाईट बंद, नाहीतर चांदी एकीकडे पिवळी आणि एकीकडे निळी येईल. झालं.

आता तुम्ही न विचारलेलं.

मुलामावाल्या नाण्याचा फोटो मी मोठा करून बघितला. उजवीकडे कडेला, जिथे ते प्लास्टिकच्या गोल डबीला (कॅप्सूलला) घासत असणार, तिथे लालसर रंग दिसतोय. ते तांबं आहे, तुमच्या लाईटचा त्यात काही दोष नाही. सर्टिफिकेटवर मुलाम्याची जाडी ०.१ मायक्रॉन लिहिलीय असं तुम्हीच पत्रात म्हणताय आणि व्यास ४० मिलिमीटर, तर हिशोब करा, दोन्ही बाजू आणि कड धरून एका नाण्यावर सोनं येतं साधारण ५ ते ६ मिलिग्रॅम. चाळीसच्या चाळीस मिळून पाव ग्रॅमसुद्धा नाही. वर कुठेही दर्शनी किंमत छापलेली नाही म्हणजे हे बहुतेक नाणंच नाही, मेडल आहे, आणि "फक्त ९,९९९ नग" असं म्हटलं म्हणजे दहा हजारावं गिऱ्हाईक रांगेत उभं आहे असं होत नाही. सर्टिफिकेट कोणी दिलं? ज्याने विकलं त्यानेच. मग त्याला सर्टिफिकेट म्हणायचं की पावती?

खात्री करायचीच असेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि मेडल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. समजा कोरडं वजन २७ ग्रॅम आणि पाण्यात काटा ३ दाखवतो, तर घनता ९, म्हणजे तांब्याच्या आसपास. चांदी १०.५ असते, सोनं १९.३.

आता पैसे. तुमचा हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरू, तुम्ही दिलेले आकडे त्यावरच बसवलेत. मेडलांत गेले ६०० म्हणजे सहा महिन्यांचा अख्खा पगार, त्यातले २४० इमर्जन्सी फंडातले आणि ३६० लोनचे. तीन वर्षांचा हप्ता साडेबाराच्या घरात, एकूण फेड साधारण ४५५, म्हणजे जवळजवळ एक पगार नुसत्या व्याजात. घरखर्च ८०. उरले साडेसात. त्यात लाईट आणि लेन्सचा हप्ता ५, म्हणजे उरले अडीच आणि इमर्जन्सी फंडाच्या जागी शून्य. घरात कोणी आजारी पडलं तर ते अडीच किती दिवस पुरतील?

दरवर्षी १५ टक्के हे तर मला ऐकवतच नाही. भाव वाढलाय हे सांगतं कोण, तर ज्याला पुढचं मेडल विकायचंय तो. त्याला फोनवर एकच विचारा की आज यातली १० परत घ्याल का आणि किती देणार, आणि उत्तर लेखी मागा. ऑनलाइन लोकांनी काय भाव लावलाय ते बघू नका, भाव काय वाट्टेल तो लावता येतो, विकून झालेल्या सौद्यांचा भाव बघा. समजा नशिबाने चौथा हिस्सा आला, १५०, त्यातून कमिशन, टपाल आणि परत येणारी पार्सलं जाऊन १२५ उरले, तरी घ्या आणि लोनमध्ये टाका, त्याआधी मुदतीपूर्वी फेडायला दंड किती ते बघा. "घेतलेल्या भावाला येईपर्यंत थांबतो" म्हणाल तर १६ टक्के व्याजाचं लोन अंगावर ठेवून तांबं सांभाळत बसाल. आणि विकताना सोन्याचा मुलामा दिलेलं मेडल असंच लिहा, झिजलेली कड फोटोत दाखवा.

आणि ते पॉलिश! कपाळाला हात लावला मी. तुमच्या घरात संग्राहकांनी खरोखर पैसे दिले असते अशी काही वस्तू असलीच तर ती आजोबांची ६ नाणी, आणि त्यातल्या एकावरची वर्षानुवर्षांची काळसर छटा तुम्ही फोटो चकचकीत यावा म्हणून घासून काढलीत. दुसऱ्या फोटोत अक्षरांभोवती एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतायत, त्या कुठल्याच लाईटने जाणार नाहीत. उरलेली ५ कडेला धरून उचला, पाण्याने पण पुसू नका, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असतील तर आजच बाहेर काढा, त्याने कालांतराने हिरवट चिकट थर येतो. ती विकायची घाई नको. फोटो मात्र काढा, टेबल लॅम्पवर, मोबाईलने, दोन्ही बाजू आणि कड, वजन लिहून, आणि दोन-तीन जाणकारांना दाखवा.

किटची ऑर्डर दिली असेल तर आज रद्द करा. लोनची शिल्लक आणि त्या लेखी उत्तराची प्रत मला पाठवा, मग महिन्याचे ते साडेसात आधी फंडात किती आणि लोनमध्ये किती ते ठरवू.