आर्किया म्हणावं की आदिजीवाणू?

सोलापुरात नववीला विज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय: "मुलं गोबरगॅसवर प्रकल्प करताहेत. इंग्रजी पुस्तकातल्या 'Archaea' या शब्दासाठी कुणी 'आदिजीवाणू' लिहिलंय, कुणी 'आर्चिया', कुणी सरळ 'जीवाणू'. बरोबर काय? आणि टाकीत हे सगळे सूक्ष्मजीव मिळून राहतात, त्याला सूक्ष्मजीवांची 'वसाहत' म्हणायचं का?"

मॅडम, हा एकपेशी सूक्ष्मजीवांचा एक गट, आणि त्याच्या नावासाठी माझं मत 'आर्किया'ला. उच्चार 'आर्किटेक्ट'मधल्यासारखा, म्हणून 'आर्चिया' बाद.

'आदिजीवाणू' दिसायला देखणा आहे, घडणही चोख. पण आपल्या आठवीच्या पुस्तकात प्रोटोझोआला 'आदिजीव' म्हणतात आणि सुस्पष्ट केंद्रक नसलेल्या पेशींना 'आदिकेंद्रकी'. त्यात हा तिसरा आदि! गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, काय चालतं ते एका वाक्यात लिहून बघा: 'आदिजीवांच्या अंगावर आणि आतही आदिजीवाणू राहतात.' विज्ञान म्हणून हे अगदी खरं आहे. मुलं मात्र छपाईची चूक समजून पान उलटतील.

दुसरी अडचण मोठी. हे जीवाणू नव्हेतच. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांच्या रायबोसोममधला (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या भागातला) आरएनए ताडून पाहिला, तेव्हा मिथेन (गोबरगॅसमधला जळणारा वायू) तयार करणारे जीव बाकीच्या जीवाणूंपासून फार दूरचे निघाले. सुरुवातीला त्यांना आर्किबॅक्टेरिया म्हटलं गेलं. १९९० मध्ये वूज, कँडलर आणि व्हीलिस यांनी सजीवांचे तीन मोठे गट मांडले आणि या नावातलं 'बॅक्टेरिया' काढून टाकलं. ज्यांनी बारसं केलं त्यांनीच शेपूट छाटलं, आणि आपण मराठीत ते पुन्हा चिकटवतोय. जीवाणूंच्या भिंतीत असणारं पेप्टिडोग्लायकन आर्कियांत नसतं, पेशीपटलातली मेदद्रव्यंही निराळ्या रासायनिक बंधानं जोडलेली असतात. 'आदि'चं म्हणाल तर मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'प्राचीन' आहे खरा, पण ते जीवाणूंच्या आधीचे, असं काही सिद्ध झालेलं नाही.

आता तुमचा प्रकल्प. 'जीवाणू' लिहिल्यानं खरं नुकसान होतं ते इथंच. टाकीत शेणकाला पडला की जीवाणू त्यातले तंतू, प्रथिनं वगैरे फोडतात. त्यांची आम्लं होतात, पुढे ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. इथवर काम जीवाणूंचं. यांपासून मिथेन करायचा, ही शेवटची पायरी मात्र मिथेनजनक आर्कियांची. त्यांची वाढ सावकाश, ऑक्सिजन मुळीच खपत नाही, आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) सातच्या आसपास लागतो. टाकीत एकदम घमेलंभर खरकटं ओतलं की जीवाणू भराभर आम्ल करून ठेवतात, आर्कियांना ते उरकत नाही, सामू घसरतो आणि ते आणखीच मंदावतात. टाकी आंबते. गॅस येत राहतो, पण शेगडी धरत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच फार. अशा वेळी 'जीवाणूंचं काम थांबलं' असं मुलांनी अहवालात लिहिलं तर ते नेमकं उलटं होईल. जीवाणू जोरात आहेत, अडलेत ते आर्किया! त्यावर उपायही त्यांच्या कलानं करायचा: काही दिवस नवं खाद्य बंद, आणि चांगल्या चालणाऱ्या टाकीतली स्लरी आणून विरजणासारखी घालायची.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमधूनही असाच गॅस काढतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हे उदाहरण लगेच पटेल. कडबा खाणाऱ्या गाईच्या कोटीपोटातही साखळी जवळपास हीच, फक्त तिथं मिथेन मुख्यत्वे हायड्रोजनपासून होतो आणि बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. मागच्या वाटेनं नव्हे. वर्ग हसेल, तरी सांगाच.

आर्किया म्हणजे फक्त मिथेन, असंही मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्कियांचा निघाला. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी निवळलं. शेतातही ते आहेत. आपण युरिया टाकतो, त्याचा अमोनिया होतो आणि अमोनियाचं नायट्राइट करण्याच्या कामात जीवाणूंच्या जोडीला आर्कियाही असतात. नायट्राइटचं नायट्रेट करतात ते जीवाणू. म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत शेवटचा हात आर्कियांचा, इथं उलट.

'सूक्ष्मजंतू' हा जुना शब्द मला आवडतो, पण 'जंतू' म्हटलं की आपल्याला आधी फिनाईल आठवतं. आर्कियांमुळे माणसाला रोग होतो असं आजवर ठामपणे दाखवता आलेलं नाही, मग त्यांना उगाच त्या पंगतीला कशाला बसवा!

व्याकरणात 'आर्किया' पुल्लिंगी ठेवा आणि काका-मामांसारखा चालवा: एक आर्किया, अनेक आर्किया, आर्कियांना, आर्कियांचं. 'आर्किये' नको. मूळ भाषेत हा शब्द अनेकवचनी आहे आणि त्याचं एकवचन 'आर्किऑन', पण मराठीत आल्यावर त्यानं मराठीच्या रीतीनं वागावं. शिवाय 'जीवाणू'त 'जी' दीर्घ आणि 'णू'ही दीर्घ. पुढे समास झाला की 'जीवाणुनाशक', तिथं 'णु' ऱ्हस्व.

राहिली 'वसाहत'. प्रयोगशाळेत बशीतल्या आगारवर (सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) एका पेशीपासून वाढलेला ठिपका दिसतो, तो एकाच जातीचा. त्याला 'वसाहत' म्हणतात आणि तो शब्द तिथंच राहू द्या. टाकीत किंवा कोटीपोटात निरनिराळ्या जाती एकमेकींचं उरलंसुरलं खाऊन जगतात, तिथं 'समुदाय' लिहा. 'समूह'ही चुकीचा नाही, पण गर्दीलाही आपण समूहच म्हणतो. 'समुदाया'त देणंघेणं आहे. अहवालात एवढं वाक्य घालायला हरकत नाही: 'टाकीतल्या सूक्ष्मजीव-समुदायात जीवाणू आम्लं तयार करतात आणि आर्किया मिथेन.'