चार भाऊ, एक विमान आणि एक फणस

गेल्या महिन्यात या पानावर बोलता बोलता लिहून गेलो, की माझी बत्तीस वर्षं छोट्या विमानांची इंजिनं उघडण्यात गेली आणि आता परुळ्याजवळ घर बांधून आंब्याची कलमं राखतोय. कलमांबद्दल एकानेही विचारलं नाही. विमानांवर मात्र पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच घेतो.

काका, आम्ही चौघे भाऊ डोंबिवलीला असतो, गाव कुडाळजवळ. गणपतीला हायवेवर पंधरा-सोळा तास जातात. पोरं रडतात, बायका बोलत नाहीत. चौघांनी पैसे काढून चार सीटचं सेकंडहँड विमान घेतलं तर? धाकटा पायलटचं शिकायला तयार आहे. विमान चिपीच्या विमानतळावर ठेवू. — एक चाकरमानी, डोंबिवली

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा वाचल्यावर कागद-पेन्सिल घेतली. मुंबई ते चिपी हवेतून साधारण साडेतीनशे किलोमीटर. सेसना १७२ हे चार सीटचं विमान ताशी दोनशेच्या आसपास जातं, म्हणजे पावणेदोन तास. तासाला तीस-पस्तीस लिटर पितं. एका खेपेला साठ लिटर धरा. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, आपल्या विमानाला पाचशे मीटर पुरतात. इथवर गणित सुटलं.

अडतं ते ‘चार सीट’वर. अलीकडच्या १७२ ला उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ११५७ किलो वजन चालतं. रिकामं विमानच साडेसातशेच्या वर. उरले चारशे. टाक्या गच्च भरल्या तर दोनशे लिटर इंधनाचे एकशे पंचेचाळीस किलो गेले. तुम्ही चौघे काटक असलात तरी सत्तर-सत्तर धरा, दोनशे ऐंशी होतात. म्हणजे टाकी भरली तर एक भाऊ खाली, आणि चौघे बसलात तर टाकी अर्धी. बायकापोरं? ती हायवेनेच येणार.

आणि मे महिन्यात परत निघताना आई दारात उभी असेल: एक फणस, दहा किलो उकडा तांदूळ, कोकमं. नाही म्हणायची छाती कोणाची? मागच्या कप्प्यात सगळं मिळून चोपन्न किलोच चालतं, आणि तेवढं असलं तरी ते कुठे ठेवलं याला महत्त्व आहे. वजन मागे गेलं की शेपूट जड होते, नाक वर ओढतं आणि विमान हाताला डुगडुगतं. फणस पायलटच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवावा लागेल. थट्टा नाही करत, एकदा कलिंगडं तशी बसवलेली पाहिलीत.

आता मुख्य गोष्ट. साध्या खासगी लायसन्सवर धाकटा डोळ्यांनी बघून उडणार. पाच किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून अंतर राखलं पाहिजे, सूर्य मावळला की बंद. भाद्रपदात ढग सह्याद्रीच्या कमरेला टेकलेले असतात, आणि समुद्रावरून सर आली की पाच मिनिटांत समोरचा डोंगर नाहीसा होतो. तेव्हा गणपतीसाठी विमान घेऊ नका. ऑक्टोबर ते मे उडण्यासाठी घ्यायचं तर जरूर घ्या, आणि गणपतीचं कोकण रेल्वेचं तिकीट वेळेत काढा.

तरी घ्यायचंच ठरलं तर आधी विमान उभं कुठे करणार याचं उत्तर लेखी मिळवा, मग विमान बघायला जा. लोक नेमकं उलट करतात. इंधन कुठून येणार, सही करणारा लायसन्सधारी इंजिनिअर किती लांबून येणार, हेही आधी विचारा. प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक लागतो; स्कूटरला किक मारून निघाल्यासारखं होत नाही.

आणि एक करारपत्र करा. सामाईक विहिरीवरून तीन पिढ्या न बोलणारी घरं मला ठाऊक आहेत. इंजिनाचं संपूर्ण ओव्हरहॉल कंपनी दोन हजार तासांनी किंवा बारा वर्षांनी सांगते, जे आधी येईल ते. तुमचे दोन हजार तास होणार नाहीत, त्यासाठी बारा वर्षं दर आठवड्याला तीन तासांवर उडावं लागेल. म्हणजे न उडताच ओव्हरहॉलचं बिल येणार. जो भाऊ वर्षभर विमानात बसलाच नाही, त्याने किती भरायचे, हे आज लिहून ठेवा.

माझं भागीदारीतलं दोन सीटचं सेसना १५२ समुद्राजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये असतं. जून लागला की उडवत नाही. माणसाला सांगून ठेवलंय, दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू कर. एवढं पुरेसं आहे ना? — एक वाचक, सावंतवाडी

त्या माणसाला आजच फोन करून थांबवा.

ही चूक मी स्वतः केलीय. इंजिनिअरचं लायसन्स मिळून तीन-चार वर्षं झाली होती. एका क्लबात एका व्यापाऱ्याचं विमान होतं, मालक परदेशी गेला, जाताना म्हणाला, इंजिन चालू ठेवत जा. मी दर शनिवारी टपरीवर चहा सांगायचो आणि तो येईपर्यंत इंजिन चालवायचो. आवाज अगदी गोड. वहीत नोंद व्यवस्थित. चार महिन्यांनी मालक आला, वीसेक तास उडाला आणि विमान तेल बदलायला माझ्याकडे आलं.

तेल बदलताना फिल्टर नुसता फेकत नाहीत. डबा कटरने कापायचा, आतला घडीचा कागद साडीच्या निऱ्या सोडवाव्या तसा उलगडायचा आणि उन्हात धरायचा. त्या दिवशी कागदावर बारीक चंदेरी चमचम होती. ॲल्युमिनियम असेल तर चुंबकाला लागत नाही. मी चुंबक फिरवलं आणि चुंबकाला दाढी फुटली. पोलाद होतं. सिलिंडर उतरवून आत बॅटरी मारली, तर झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या, उंचवट्यावर देवीचे वण असावेत तसे खड्डे.

कारण असं. या विमानांना असतात त्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन उभं राहिलं की तेल ओघळून खाली जातं आणि सगळ्यांत आधी तोच उघडा पडतो. आपल्या जुलैच्या हवेत त्यावर गंज धरायला किती वेळ लागतो, हे ज्याने घरात विळी नुसती पुसून ठेवलीय त्याला सांगायला नको. मग इंजिन चालू केलं की तो गंज कानशीसारखा घासतो.

दहा मिनिटं चालवण्यात तोटा दुप्पट. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतं. तेल ऐंशी अंशांच्या आसपास तापून बराच वेळ तसंच राहिलं, तरच ते पाणी उडून जातं. जमिनीवर तेवढं होत नाही. सिलिंडर तापतात, तेल कोमटच. म्हणजे दर रविवारी तुम्ही इंजिनात चमचा-चमचा पाणी ओतताय. काही जण चालू न करता हाताने पंखा फिरवतात. त्याने उरलंसुरलं तेल पुसलं जातं, आणि ठिणगी पाडणारा मॅग्नेटो जिवंत राहिला असेल तर पंखा फिरतो आणि हात जातो.

तुमच्यापुढे तीन वाटा. महिन्यातून एकदा, हवा उघडल्यावर, खरंच तासभर उडा. ते जमत नसेल तर इंजिन रीतसर झोपवा: गंजरोधक तेल भरायचं, वरच्या स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलच्या नळ्या बसवायच्या, हवा आत जायची तोंडं आणि सायलेन्सर बंद करायचे. ते निळे खडे गुलाबी झाले की नळ्या बदलायच्या. हे बघण्यासाठी त्या रविवारच्या माणसाला ठेवा.

तिसरी वाट मला सगळ्यांत पसंत. मेअखेरीला विमान देशावर न्या, बारामतीला किंवा धुळ्याला, जिथे जागा मिळेल तिथे. यात नवं काही नाही. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून जुहूला उतरवलं, तेव्हा जुहूचं मैदान म्हणजे चिखलवट; पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. म्हणून दर पावसाळ्यात त्यांची सेवा पुण्याहून चाले. आपले मच्छीमार १ जूनला होड्या वर ओढून झाप घालतात. विमानाला एवढं तरी करावं.

राहता राहिलं बाहेरचं अंग. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते. रिव्हेटांच्या कडेला रंग फुगलाय का बघा, नखाने दाबा. खाली चुन्यासारखं निघालं तर इंजिनिअरला बोलवा, वरून रंग मारू नका. दर उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवा. गोड्या म्हणजे खरोखर गोड्या. किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने धुण्यापेक्षा न धुतलेलं बरं. पंखांच्या पोटाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. आणि पिटो ट्यूबवर टोपी घाला. वेग सांगणारी ती पंखाखालची नळी कुंभारीण माशीला फार आवडते. शेडमध्ये दोन दिवस उघडी राहिली की ती मातीने लिंपून मोकळी. मग धावपट्टीवर विमान सुसाट आणि काटा शून्यावर.

मी बारावीत आहे. मला एअरलाइनमध्ये नोकरी नको, फक्त स्वतः विमान उडवायचंय. घरचे म्हणतात असं काही नसतं. — राजापूरची एक मुलगी

असतं गं. त्याला प्रायव्हेट पायलट लायसन्स म्हणतात. सतरा वर्षं पूर्ण, दहावी पास, निदान चाळीस तास उड्डाण, त्यातले काही एकटीने, शिवाय डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, लेखी परीक्षा आणि रेडिओवर बोलायचं वेगळं लायसन्स. शिकायला बारामती किंवा धुळे. घरच्यांना खर्च मात्र खरा सांग, ते पैसे परत मिळवून देणारं हे शिक्षण नाही. आणि क्रम पाळ: आधी वैद्यकीय तपासणी, मग फी. रंगांधळेपणा निघाला आणि अर्धी फी बुडाली, अशी दोन मुलं मी पाहिलीत.

छोट्या विमानाचं पेट्रोल निळं असतं असं नातू म्हणतो. थापा मारतो का? — एक निवृत्त शिक्षक, गुहागर

नाही गुरुजी, नातू बरोबर आहे. त्याला ॲव्हगॅस १०० एलएल म्हणतात. रंग मुद्दाम घातलेला, ओळख पटावी म्हणून. मोठ्या जेटचं इंधन रॉकेलच्या जातीचं, जवळजवळ बिनरंगी. ते चुकून या इंजिनात गेलं तर उड्डाण करता करता इंजिन बसतं. म्हणून दर उड्डाणाआधी टाकीच्या तळाचं थोडं इंधन काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरायचं. निळं दिसलं पाहिजे, आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. आपल्याकडे २०२२ पर्यंत हे बाहेरून यायचं, मग इंडियन ऑइलने गुजरातच्या रिफायनरीत करायला घेतलं. तरी पिंपांतून मागवायची पाळी येते. डोंबिवलीकर भावांनी हे नीट वाचावं. जेटचं इंधन पिणारी डिझेल इंजिनं असलेली छोटी विमानंही निघालीत, डायमंड कंपनीच्या डीए-४० चा एक प्रकार त्यातलाच.

वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर? — एक वाचक, मालवण

दगडासारखं पडत नाही. सेसना १७२ तीन हजार फुटांवरून, वारा नसेल तर, आठेक किलोमीटर तरंगत जातं. बंद पडायचं कारणही बऱ्याचदा इंजिन नसतं. प्यायला मिळत नाही म्हणून ते थांबतं: टाकी संपली, पाणी आलं, नाही तर कार्बोरेटरचं इंजिन असेल तर त्यात बर्फ धरला. होय, बर्फ, आणि कोकणात. हवा दमट असेल तर बाहेर पंचवीस अंश असतानाही इंधनाची वाफ होताना आतली नळी गारठते. उतरताना इंजिन मंद केलं की धोका जास्त, म्हणून गरम हवेचा दांडा आधी ओढायचा.

प्रश्न उरतो तो उतरायचं कुठे. वरून आपला मुलुख सुंदर दिसतो, पण सपाट काही नाही. माड, खाड्या, भातखाचरांचे बांध. जांभ्याचा सडा लांबून मैदान वाटतो, जवळ गेल्यावर दगड दिसतात. सगळ्यांत बरी पुळण, तीही ओहोटीची. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. वरच्या कोरड्या वाळूत पुढचं चाक रुतलं की विमान कोलांटी खातं. भरतीला ती घट्ट पट्टीच नाहीशी होते.

तुम्ही मालवणचे, तुम्हाला ठाऊकच असेल. मला एका म्हाताऱ्या तांडेलाने शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. मी आमच्या एका पायलटला सांगितलं, तर तो किनाऱ्याने जायच्या दिवशी नकाशासोबत खिशात कालनिर्णयचं पान घेऊन निघू लागला. चतुर्थीला तीन वाजता भरती, नवाच्या सुमाराला पुळण उघडी.