सरप्लसचं भांडण त्यांचं, खिसा तुझा

अनिकेत, तू विचारलंयस की ऑस्ट्रेलियात लेबर आणि लिबरल हे दोन मोठे पक्ष सरप्लसवरून, म्हणजे बजेटातल्या शिलकीवरून, एवढे भांडतात, तर सरकार बदललं की टॅक्स वाढतो का, आणि मेलबर्नची ऑफर आत्ता घ्यावी की पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावं. थांबू नकोस.

इथे सरप्लस हा पक्षाच्या अब्रूचा प्रश्न असतो. लिबरल पंतप्रधान हॉवर्ड आणि त्यांचे अर्थमंत्री कॉस्टेलो यांच्या काळात बारापैकी दहा बजेटं शिलकीची झाली; तेव्हापासून पैसा सांभाळावा तर आम्हीच, ही लिबरलांची टिमकी. २०१२ मध्ये लेबरचे अर्थमंत्री वेन स्वान यांनी लागोपाठ चार सरप्लस जाहीर केले, आला एकही नाही. २०१९ मध्ये लिबरलांनी ७.१ अब्ज डॉलरच्या नुसत्या अंदाजावर 'बॅक इन ब्लॅक' (पुन्हा शिलकीत) छापलेले काळे कॉफी-मग विकायला काढले. बाजारात तुरी! कोविड आला आणि त्या वर्षीची तूट निघाली ८५ अब्जांची.

पुढे लेबरचे अर्थमंत्री जिम चाल्मर्स यांनी खरंच दोन सरप्लस दाखवले: २०२२-२३ ला २२.१ अब्ज, २०२३-२४ ला १५.८ अब्ज. ही आमची शिस्त, असं ते म्हणतात. विरोधक म्हणतात, कसली शिस्त, लोहखनिज-कोळशाचे भाव चढले आणि महागाईने पगार फुगून लोक वरच्या स्लॅबमध्ये ढकलले गेले, त्याचा हा पैसा. माझ्या मते पैसा आला तो नशिबाने, पण आलेला बराचसा उधळला नाही एवढं श्रेय लेबरला द्यावं लागेल. त्यानंतर पुन्हा तूट आहेच.

आता टॅक्स. लिबरलांनी मंजूर करून ठेवलेली 'स्टेज थ्री' ही आयकर कपात लेबरचे पंतप्रधान अल्बनीझींनी २०२४ मध्ये शब्द फिरवून बदलली. दोन लाख डॉलर पगारवाल्याचे वर्षाला ९,०७५ वाचणार होते ते ४,५२९ झाले, आणि खालच्या स्लॅबचा दर १९ वरून १६ टक्के झाला. विरोधकांनी 'विश्वासघात' म्हणून आरडाओरडा केला आणि मतदान बाजूनेच केलं. तुझ्या १,१०,००० पगारावर २०२४-२५ च्या दराने टॅक्स बसतो २३,७८८. जुनी योजना राहिली असती तर २४,५९२. म्हणजे एवढ्या रणधुमाळीतून तुझा फरक ८०४ डॉलर, तोही वर्षाचा. मार्च २०२५ च्या बजेटात १६ चे आधी १५, मग १४ टक्के करायचं ठरलं. दिवसाला सत्तर सेंट, म्हणून विरोधकांनी खिल्ली उडवली, रद्द करू म्हणाले, आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत सपाटून हरले.

तुझा खरा पैसा दुसरीकडे जातो. ४८२ व्हिसावर (कंपनीने स्पॉन्सर केलेला तात्पुरता वर्क व्हिसा) आपल्याला मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, नाही, आरोग्य विमा स्वतःचा काढावा लागतो. तरी रिटर्नमध्ये मेडिकेअर लेव्ही म्हणून २ टक्के कर लागतो, तुझ्या पगारावर २,२०० डॉलर. सूट मिळते, पण मागितली तर. दरवर्षी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याकडून मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट (मेडिकेअर लागू नसल्याचा दाखला) घ्यायचं आणि रिटर्नमध्ये सूट दाखवायची. आपली कितीतरी मुलं हे न करता बसतात आणि रात्री बजेटवर वाद घालतात. निवडणुकीत चाइल्डकेअर सबसिडीची मोठमोठी आश्वासनं ऐकशील. ४८२ वाल्याला ती लागू नाही, आणि डे-केअर दिवसाला सहज शंभर डॉलरच्या वर जातं. मुक्ता दोन वर्षांची आहे म्हणून सांगतो, हा खर्च आधी धर. सुपरचे, म्हणजे कंपनी भरते त्या निवृत्ती फंडाचे, १२ टक्के जमतील, पण कायमचं परत गेलास तर काढताना साधारण ३५ टक्के कर कापतात.

मत नसलेल्यांकडून वसुली करण्यात मात्र दोन्ही पक्षांचं एकमत. तुझ्या धाकट्या भावालाही यायचंय ना? स्टुडंट व्हिसाची फी २०२४ च्या जुलैत ७१० वरून १,६०० झाली, पुढच्या जुलैत २,०००. २०२५ च्या निवडणुकीत लिबरल २,५०० करू म्हणत होते, नामवंत विद्यापीठांसाठी ५,०००.

म्हणून कुठला पक्ष येतो यापेक्षा पीआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) कधी मिळते ते बघ. दोन वर्षांनी १८६ साठी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या पीआर व्हिसासाठी, नॉमिनेट करणार का, हे कंपनीकडून लेखी घे. आणि ऑफर लेटर पाठव. तो १,१०,००० चा आकडा सुपर धरून आहे की वगळून, हे आधी बघू. धरून असेल तर हातात येणारा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.