हेल्मेटमध्ये कोंबलेला फोन

प्रिय मित्रा,

गाडी चालवताना फोनवर कायद्याने बंदी हवी का, असं तू विचारलंस. ती आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जाऊ लागलं. पहिल्याच गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2020 पासून फक्त नकाशात रस्ता बघायला फोन चालतो, तोही लक्ष विचलित होणार नसेल तरच. बंदी हवीच. माझी तक्रार 'हातात' या एका शब्दाशी आहे.

सिग्नलला शेजारची स्कूटर बघ. फोन हेल्मेट आणि गालाच्या मध्ये कोंबलेला. हात मोकळे, म्हणून स्वार निर्धास्त. पण फोन निसटू नये म्हणून मान अवघडून धरलेली, त्या बाजूच्या आरशाकडे नजर जात नाही, आणि मागून आलेल्या बेस्टचा हॉर्न उशिरा कळतो. ब्लूटूथने हात सुटतात, डोकं सुटत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की आपसूक गप्प होतो. फोनवरच्याला ते वळण दिसतच नाही, तो बोलत राहतो.

कोस्टल रोडवर ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. मेसेजवर दोन सेकंद नजर म्हणजे 44 मीटर. लोकलचे दोन डबे, न बघता.

म्हणून नकाशात रस्ता गाडी उभी असतानाच लाव, आवाज वाढव, ड्रायव्हिंग मोड सुरू कर. कारमध्ये होल्डर एअरबॅगच्या झाकणावर नको. स्कूटरवर पावसात हँडलला फोन लावू नकोस: थेंबांनाच स्क्रीन बोट समजते, नकाशा भलतीकडे सरकतो आणि अंगठा काच पुसत बसतो. खिशात ठेव, रस्ता आधी पाठ कर.

डिलिव्हरीच्या पोरांचं मात्र वेगळं आहे. त्यांचं पोटच फोनवर. चालत्या गाडीवर नवी ऑर्डर स्क्रीनवर येणार नाही, हे बंधन कायद्याने कंपनीवर घालायला हवं. नुसत्या त्या पोराचं चलान फाडून काही होणार नाही.

फोन घ्यायचाच असेल तर हायवेच्या फ्लायओव्हरवर कडेला थांबू नकोस. खाली उतर, सर्व्हिस रोडला किंवा पेट्रोल पंपावर गाडी घे, इंजिन बंद कर, मग बोल. आणि घरी आजच सांगून ठेव: उचलला नाही तर मी गाडीवर आहे, पोहोचल्यावर फोन येईल.