मुलीच्या जातीला सोयीची नोकरी?

प्रश्न : मुलीला बारावी कला शाखेत 78 टक्के मिळालेत. तिला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) करून दुर्गम गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचंय, तिथला मुलामुलींमधला भेदभाव मोडायचाय. मी म्हणतो, बी.एड. कर आणि पुण्यातच शाळेत लाग. मुलीच्या जातीला सोयीचं, लग्नालाही बरं. भाषणांनी गावं बदलत नाहीत. तिला समजवा. – एक वडील, हडपसर

उत्तर : गुण चांगले आहेत. खटकलं ते 'मुलीच्या जातीला'. ज्या विचाराशी लेकीला गावात झगडायचंय, तोच तुम्ही घरात तिच्या वाटेत आणून ठेवलाय. मुलगा असता तर नोकरी ठरवताना लग्नाची सोय पाहिली असतीत का? राहण्याची, प्रवासाची, सुरक्षिततेची काळजी रास्त आहे; ती तिच्याशी मोकळेपणानं बोला. स्थळांचा हिशेब मात्र तिच्या अर्जात आणू नका.

वाट सरळ आहे: डी.एल.एड. दोन वर्षं, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि 'पवित्र' हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल. पहिली ते पाचवीसाठी नुसतं बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्येच स्पष्ट केलंय. भरती रखडते, म्हणून पदवीही पूर्ण करावी.

भाषणांनी गाव बदलत नाही, हे खरंच. पण बाईंचं काम भाषणाचं नाहीच. वर्ग झाडायला मुली आणि टेबलं उचलायला मुलगे, ही वाटणी पाळीपत्रकानं मोडते: जोडीत एक मुलगा, एक मुलगी, दर सोमवारी काम बदलायचं. उत्तराला कुणाला उठवलं याच्या वहीत रेघा मारल्या, की आपलाच कल दिसतो. एखादी मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजर असेल, तर आधी स्वच्छतागृहाची कडी आणि पाणी बघायचं. ऊसतोडीच्या हंगामात गळत असेल, तर हंगामी वसतिगृहाचं (आईबाप बाहेर असताना मुलांना गावातच ठेवायची सोय) बोलणं आईबाप फडावर निघण्याआधी व्हायला हवं, नंतर उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला कायद्यानंच असतात. पण बैठक भर दुपारी लावली तर त्या शेतात असतात आणि सह्या मागाहून घरी जाऊन घेतल्या जातात. बैठक संध्याकाळी हवी.

नव्या शिक्षिका चुकतात ते बालविवाहाच्या वेळी. एकटीनं दारात जाऊन भांडलं, की घरचे मुलीला परगावी नेऊन लग्न उरकतात आणि बाई गावात एकटी पडते. मुख्याध्यापकांना सोबत घ्यावं, ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) कळवावं, कारण गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवरच होतो. अर्ज तिला भरू द्या. त्याआधी भोर तालुक्यातली एखादी लहान शाळा, मुख्याध्यापकांना विचारून, दोघं मिळून दिवसभर बघून या.