13 जहाजं विरुद्ध 133 जहाजं: म्यॉंगन्यांगची लढाई खरंच तशी झाली का?

तुम्ही विचारलंय, 1597 मध्ये कोरियाचे नौसेनापती यी सुन-शिन यांनी 13 जहाजांनी 133 जपानी जहाजं परतवली, हे खरं की दंतकथा? खरं आहे. 133 हा आकडा त्यांच्या स्वतःच्या रोजनिशीतला आहे. त्या दिवसाची नोंद मी कितीदा तरी वाचलीय.

थोडं मागे जातो. 1592 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशीने दीड लाखाच्या वर फौज कोरियात उतरवली. तोड्याच्या बंदुकांपुढे वीसेक दिवसांत सोल पडलं. पण समुद्रावर जपान्यांचं काही चालेना. जपानी जहाजं हलकी आणि वेगवान, भिस्त शत्रूच्या जहाजावर चढून तलवार चालवण्यावर. कोरियन युद्धजहाज पानोकसन जाड लाकडाचं, तळ सपाट, त्यामुळे जागच्या जागी वळायचं आणि तोफांचा धक्का सहज सोसायचं. यी लांबूनच तोफा डागत, जवळ येऊच देत नसत.

असा माणूस दरबाराने 1597 मध्ये पदावरून काढला, तुरुंगात टाकला. त्यांच्या जागी आलेल्या वॉन ग्यूनने चिलचॉनर्यांगच्या लढाईत जवळजवळ सगळं आरमार गमावलं. मग पुन्हा यींनाच बोलावणं. राजा म्हणत होता, आरमार मोडा. यींनी कळवलं, अजून बारा जहाजं आहेत. लढाईपर्यंत आणखी एक मिळालं.

जागा त्यांनी निवडली ती म्यॉंगन्यांगची सामुद्रधुनी. जेमतेम 300 मीटर रुंद, भरती-ओहोटीला पाणी अक्षरशः गर्जतं. तिथे 133 जहाजं एकदम अंगावर येऊच शकत नाहीत. तरी सुरुवातीला यींचं जहाज एकटंच पुढे होतं, बाकीचे घाबरून मागे रेंगाळले. मला ही नोंद म्हणूनच खरी वाटते. रचलेल्या गोष्टीत आपलीच माणसं अशी कच खात नाहीत. यी आपल्या एका जहाजाच्या कप्तानावर ओरडले, "अन वी, लष्करी कायद्याने मरायचंय का तुला? पळून जगशील कुठे?" अन वी पुढे घुसला, मागोमाग बाकीचे. पाण्याची ओढ फिरली, 31 जपानी जहाजं फुटली, कोरियाचं एकही बुडालं नाही.

महिन्याभरातच घरून पत्र आलं. धाकटा मुलगा म्यॉन जपान्यांशी लढताना गेला होता. सैनिकांसमोर रडता येईना, म्हणून यी छावणीतल्या एका मिठागरवाल्याच्या घरी जाऊन रडले. तेही त्याच रोजनिशीत आहे.